सक्करदऱ्याच्या दादांना, न विकलेल्या कीबोर्डाबद्दल

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र दुकानात येऊन तुमच्या हातात देता आले असते. पण समोरासमोर आभार मानू लागलो की तुम्ही "राहू दे ना बे" म्हणून विषय संपवता आणि पुन्हा कुणाच्या तरी लॅपटॉपचे स्क्रू काढायला लागता, म्हणून ते असे उघडपणे लिहितो आहे. शिवाय चाहत्यांनी हौसेने बनवलेल्या आणि फुकट वाटलेल्या त्या अवघड प्लॅटफॉर्म गेममध्ये, म्हणजे फॅनगेममध्ये, माझ्यासारखे अडकून पडलेले आणखीही कुणी असतील. तुम्ही मला जे दाखवलेत ते त्यांच्याही कामाचे आहे.

मी तुमच्याकडे आलो होतो तो नवा कीबोर्ड घ्यायला. 'आय वॉना बी द गाय' हा तसाच अवघड गेम खेळताना ऐन मोक्याच्या जागी माझी उडी लागतच नव्हती. बटण दाबलेले असूनही तो लहानगा 'किड' सरळ काट्यांत जात होता. तुम्ही कपाटातला सर्वांत महागडा कीबोर्ड काढून समोर ठेवला असता, तरी मी पैसे मोजून तो निमूटपणे घरी नेला असता. त्याऐवजी तुम्ही हातातले काम न सोडता विचारलेत, "उडी कोणत्या बटणावर ठेवली आहेस?" उडी मुळात शिफ्टवर असते, हे तुम्हाला ठाऊक होते. मी ती एका अक्षराच्या बटणावर नेली होती, कारण जागच्या जागी लागोपाठ उड्या मारल्या की विंडोजची 'स्टिकी कीज'ची खिडकी मध्येच उघडायची आणि ती बंद करेपर्यंत बॉसने, म्हणजे वाट अडवणाऱ्या मोठ्या शत्रूने, काम तमाम केलेले असायचे. शिफ्ट सलग पाच वेळा दाबले की ही सोय आपोआप पुढे येते आणि सेटिंगमध्ये जाऊन तो शॉर्टकट कायमचा बंद करता येतो, एवढी साधी गोष्ट मला तोवर कुणी सांगितली नव्हती.

मग तुम्ही माझा जुना कीबोर्ड जोडून एकेक करून तीन-तीन बटणे एकदम दाबून दाखवलीत. स्वस्त कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र तार नसते, बटणे आडव्या-उभ्या ओळींच्या जाळ्यात बसवलेली असतात, आणि त्यामुळे काही ठरावीक जोड्यांमध्ये तिसरे बटण संगणकापर्यंत पोहोचतच नाही. माझी उजवीकडची बाणाची की, गोळी झाडायची झेड आणि उडीचे ते अक्षर अशी नेमकी तिघांची गाठ पडली होती. शिफ्ट आणि कंट्रोल ही बटणे मात्र बहुतेक कीबोर्डमध्ये वेगळी जोडलेली असतात, तेव्हा उडी परत शिफ्टवर ने, असे सांगून तुम्ही माझा कीबोर्ड परत दिलात. त्या दिवशी तुमच्या दुकानाची विक्री बुडाली आणि माझी उडी लागू लागली. आभाराचा पहिला भाग हा आहे, आणि व्यवहाराच्या दृष्टीने पाहिले तर तो सर्वांत मोठा आहे.

दुसरा भाग टीव्हीचा. मे महिन्यात आमच्याकडे कूलर फक्त बाहेरच्या खोलीत असल्यामुळे मी संगणक तिथल्या टीव्हीला जोडून खेळत होतो. पारा पंचेचाळीसच्या वर गेल्यावर आतल्या खोलीत बसून बॉसशी लढणे नागपुरातल्या माणसाला शक्य नाही, हे तुम्हीही मान्य केलेत. पण चित्र चांगले दिसावे म्हणून टीव्ही त्यावर जे संस्कार करतो त्यात वेळ जातो, हे तुम्ही मला हिशेब मांडून पटवलेत. असे बरेच फॅनगेम सेकंदाला 50 फ्रेमच्या, म्हणजे 50 चित्रांच्या, वेगाने चालतात, म्हणजे एक फ्रेम सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्शाएवढी. टीव्हीने चित्र सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने उशिरा दाखवले, तर पाच फ्रेम गेल्या. धावताना किड दर फ्रेमला 3 पिक्सेल पुढे सरकतो, म्हणजे मला तो जिथे दिसत होता त्याच्या 15 पिक्सेल पुढे तो खरोखर पोहोचलेला असायचा. आणि ज्या चौकोनाने त्याचा स्पर्श मोजला जातो तो रुंदीला अवघा 11 पिक्सेल असतो. मी काठावर आहे असे मला दिसत असताना तो काठ सोडून गेलेला होता. टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' सुरू करायला तुम्ही सांगितलेत, आणि कूलरच्या आवाजावर उपाय म्हणून घेतलेले ब्लूटूथ हेडफोन बाजूला ठेवून तारेचे वापरायला लावलेत, कारण त्यातही आवाज मागे पडतो आणि संगीताच्या तालावर हल्ला करणाऱ्या बॉससमोर तो तालच चुकतो.

यंत्राचे दोष निघून गेल्यावर जे उरले ते गेम बनवणाऱ्याच्या खोडसाळपणाचे होते, आणि दादा, खरे शिक्षण तिथून सुरू झाले. मायकेल ओ'रायली याने, म्हणजे केयिनने, 2007 मध्ये 'आय वॉना बी द गाय' काढला तो एका जपानी फ्लॅश गेमपासून स्फूर्ती घेऊन, हे तुमच्याकडूनच कळले. त्यातली झाडावरची लाल फळे खाली पडून मारतात, हे पहिल्या मृत्यूत समजते. म्हणून पुढच्या वेळी मी फळाच्या खालून न जाता वरून उडी मारली, तर फळ वर पडले. मी चिडून म्हणालो की हा सरळ सरळ अन्याय आहे. तुमचे उत्तर मला शब्दशः आठवते: "फळाने नाही मारलं तुला. खाली पडतं, या तुझ्या समजुतीनं मारलं." त्यानंतर प्रत्येक मृत्यूनंतर तुम्ही मला एकच प्रश्न विचारत गेलात, की तू काय गृहीत धरले होतेस. चंद्र आकाशात राहतो, काटे जागेवर राहतात, बॉस बोलत असताना हल्ला करत नाही, अशी ती यादी वाढत गेली. यातले शेवटचे गृहीतक ड्रॅक्युलाने मोडले. तो सिंहासनावर बसून संवाद म्हणतो, ग्लास फेकतो, आणि मी तो संवाद वाचत उभा असताना त्या ग्लासानेच मेलो. ज्या जुन्या गेममधून हा प्रसंग उचलला आहे त्यात तो ग्लास निरुपद्रवी असतो, त्यामुळे तो गेम खेळलेला माणूस इथे मरतानाही हसतो, असे तुम्ही सांगितलेत. आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमवर वाढलेल्यांना त्यातले मारिओचे विनोद कळतात, बाकीचे डोक्यावरून जातात. मला मात्र तुम्ही तो संदर्भ सांगितल्यावर, मेल्यानंतर का होईना, हसू आले.

तुमच्या शिकवण्याच्या रीतीबद्दल इथे लिहिलेच पाहिजे. इतक्या दिवसांत तुम्ही एकदाही माझ्या हातातून कीबोर्ड घेतला नाहीत. मी कितीतरी वेळा "दादा, एवढे एक पार करून द्या" अशी विनवणी केली असेल, तुम्ही पाठ माझ्याकडे करून सोल्डरिंग करत बसलेले असायचे आणि पडद्याकडे न पाहता, नुसत्या बटणांच्या आवाजावरून, "लवकर सोडलं" किंवा "काऊन घाई करून राहिला?" एवढेच म्हणायचे. बटण लवकर सोडले की उडी तोकडी होते हे मला वरवर माहीत होते, पण सोडल्याक्षणी वर जाण्याचा वेग निम्म्याहूनही कमी होतो आणि म्हणून दोन फ्रेमचा फरक पुढच्या काट्यावर जीव घेतो, हे कान देऊन ऐकायला तुम्ही शिकवलेत. हवेतली दुसरी उडी शक्य तितकी उशिरा घ्यायची, हेही त्यातच आले.

भिंतीला टेकण्याची युक्ती तर मला अजूनही जादू वाटते. किड प्रत्येक फ्रेमला नेमका 3 पिक्सेलच सरकत असल्यामुळे तो कुठून निघाला यावर तो काट्याजवळ नेमका कुठे पोहोचेल हे ठरते. त्यामुळे एकच उडी हुबेहूब त्याच तऱ्हेने मारली तरी एका वेळी लागते आणि दुसऱ्या वेळी एका पिक्सेलने चुकते. नुसत्या काट्यांच्या अरुंद फटींतून जायच्या ज्या लेव्हलना 'नीडल' म्हणतात, त्यांत तर या युक्तीशिवाय गत्यंतर नसते. आधी भिंतीला चिकटायचे, मग निघायचे, म्हणजे सुरुवात दर वेळी तीच राहते. हे कळण्यापूर्वी मी अशा अपयशाला नशीब म्हणत होतो.

बॉसच्या बाबतीत तुमचे आणि माझे सुरुवातीला जुळले नव्हते. मला वाटत होते की बॉस म्हणजे बोटांच्या चपळाईची परीक्षा. माईक टायसनचे ते अवाढव्य रूप समोर आले की मी धडाधड झेड दाबत सुटायचो. तुम्ही एक आख्खी संध्याकाळ मला गोळीच झाडू दिली नाहीत. नुसते उभे राहा, मर, आणि कोणत्या क्रमाने मारतो ते कागदावर लिही, असे सांगितलेत. दुकानातल्या दुरुस्तीच्या जॉब कार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी तो क्रम लिहिला, आणि लिहिताना लक्षात आले की ज्याला मी गोंधळ समजत होतो तो बऱ्याच अंशी ठरलेला पाठ होता. पुढे 'अव्हॉइडन्स' प्रकारच्या बॉसपाशी, जिथे बहुतेक वेळा मारायचे नसतेच, गाणे संपेपर्यंत नुसते जिवंत राहायचे असते, तीच सवय उपयोगी पडली. पडदाभर फळे उधळत असताना त्यांतली कोणती ठरलेल्या जागी येतात, कोणती खरोखर यदृच्छेने येतात आणि कोणती माझ्यावर नेम धरून येतात, हे वेगळे करायला तुम्ही शिकवलेत. नेम धरून येणारी फळे मी ज्या क्षणी जिथे असतो तिथे येतात, म्हणून घाबरून पळत सुटण्यापेक्षा पतंगाला ढील द्यावी तसे थोडे थोडे सरकत राहायचे, म्हणजे सगळा मारा मागे पडतो आणि दुसऱ्या बाजूला परतायला जागा उरते. यदृच्छेने येणाऱ्यांसाठी मात्र काही उपाय नाही. त्यांच्यासाठी डोळे उघडे ठेवायचे, एवढेच तुम्ही म्हणालात, आणि मला तो प्रामाणिकपणा आवडला.

तुमच्यामुळेच मी 'कायझो मारिओ'कडे वळलो. 'सुपर मारिओ वर्ल्ड'च्या लेव्हल बदलण्यासाठी 2000 मध्ये 'लूनर मॅजिक' हे साधन आले आणि 2007 मध्ये तकेमोतो नावाच्या जपानी खेळाडूने आपल्या मित्राला खेळायला लावण्यासाठी ती लेव्हलमाला रचली, हा इतिहास तुम्ही सांगितलात तेव्हा मला सगळ्या सापळ्यांकडे पाहण्याची निराळी दृष्टी मिळाली. अदृश्य ठोकळा बरोबर त्या जागी ठेवला आहे जिथे खड्ड्यावरून उडी मारणारा कुणीही डोके नेईल. डोके आपटते, वर जाण्याचा वेग शून्य होतो आणि मारिओ खड्ड्यात जातो. हा ठोकळा ठेवणाऱ्याने खेळणाऱ्याची उडी आधी मनात पूर्ण पाहिली असली पाहिजे. मित्राला इतके ओळखणारा माणूस त्याला छळतो आहे, हे कळल्यावर राग फार काळ टिकत नाही.

एका गोष्टीवर मात्र मी अजून तुमच्या विरुद्ध आहे आणि आभाराच्या पत्रातही ते लिहिणे मला भाग वाटते. लेव्हल जिंकल्यावर, मारिओ आपोआप चालू लागल्यावर, म्हणजे बटणे आपल्या ताब्यात उरलेली नसताना, त्याला मारणारा जो सापळा 'कायझो ट्रॅप' म्हणून ओळखला जातो, त्याचे तुम्ही समर्थन करता. शेवटच्या फितीला स्पर्श करण्यापूर्वी पुढचे पाहून ठेवायला हवे होते, पडदा काळा होईपर्यंत खेळ संपत नाही, असे तुमचे म्हणणे. फळ वर पडले तर पुढच्या वेळी मी ते चुकवू शकतो, ड्रॅक्युलाच्या ग्लासावरून उडी मारू शकतो. ज्या क्षणी माझ्या हातात काहीच नाही त्या क्षणी मारणे याला मी सापळा म्हणायला तयार नाही, ती नुसती थट्टा आहे. यावर आपला वाद दुकान बंद करायच्या वेळेपर्यंत चालला आणि तुम्ही शटर अर्धे ओढून तो अनिर्णित ठेवलात.

तेव्हा विनंती अशी की, बुधवारी बाजारामुळे तुमच्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून मी गुरुवारी संध्याकाळी येतो. तसा एक सापळा शेवटी असलेली लेव्हल पेनड्राइव्हवर आणतो आणि माझा तो जुना कीबोर्डही आणतो. या वेळी तुम्ही खेळा, मी पाठ करून बसतो, आणि मेल्यावर तुमचे मत पुन्हा एकदा सांगा.

आपला नम्र,
एक ग्राहक
सक्करदरा, नागपूर