डिस्चार्ज कार्डावरचे पाच मिलिग्रॅम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दर वर्षी १७ सप्टेंबरला जागतिक रुग्णसुरक्षा दिन येतो. रुग्णालयाच्या दर्शनी भागावर नारिंगी दिवे लागतात, नर्सिंग कॉलेजच्या मुली रांगोळी काढतात, हात धुण्याच्या पायऱ्यांचे प्रात्यक्षिक होते आणि त्याचे छायाचित्र दुसऱ्या दिवशी शहर पुरवणीत छापून येते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु हृदयशस्त्रक्रिया विभागात चौदा वर्षे फिजिशियन असिस्टंट म्हणून काम केल्यानंतर मला असे वाटू लागले आहे की, ज्यांच्या हातून रोज कितीतरी सूचना एका कागदावरून दुसऱ्या कागदावर जातात, त्या आमच्यासारख्यांना रुग्णसुरक्षा आणि सेवेची गुणवत्ता या विषयाचे पदव्युत्तर पातळीवरचे रीतसर शिक्षण मिळायला हवे.

फिजिशियन असिस्टंट म्हणजे कोण, हे अनेक वाचकांना ठाऊक नसेल. नातेवाईक आम्हाला सरसकट ‘छोटे डॉक्टर’ म्हणतात आणि ते दुरुस्त करता करता आम्हीही थकतो. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये नौदलातील चार माजी वैद्यकीय सहायकांना घेऊन हा अभ्यासक्रम सुरू केला. आपल्याकडे तो १९९२ मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी आणला, तोही हृदयशस्त्रक्रियेच्या गरजेतून. आम्ही डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णाचा पूर्वेतिहास नोंदवतो, राउंडवरच्या सूचना लिहून घेतो, शस्त्रक्रियेत मदत करतो आणि डिस्चार्ज कार्ड तयार करतो. २०२१ च्या राष्ट्रीय संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने ‘फिजिशियन असोसिएट’ या नावाने या कामाला प्रथमच कायद्याच्या परिशिष्टात जागा मिळाली.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते. हृदयाची झडप बदललेल्या एका रुग्णाला घरी सोडायचे होते. अशा रुग्णांना रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी घ्यावी लागते, आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणाऱ्या पीटी-आयएनआर या तपासणीनुसार तिची मात्रा कमी-जास्त होते. मात्रा कमी पडली तर झडपेवर गुठळी होते, जास्त झाली तर रक्तस्राव. सकाळच्या राउंडला सरांनी पाच मिलिग्रॅमची मात्रा तीनवर आणली, पण ते तोंडी सांगितले. मी त्या वेळी शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची नळी काढत होते. दुपारी कार्ड करताना संगणकावर आधीच्या दिवसाचा मसुदा उघडला, तारीख बदलली आणि कार्ड छापले. त्यावर पाच मिलिग्रॅम तसेच राहिले. रुग्णाच्या सुनेने औषधाच्या खिडकीशी उभ्या उभ्या विचारले, “सकाळी तर डॉक्टर तीन म्हणाले होते ना?” म्हणून ते सुधारले गेले. त्या दिवशी त्या रुग्णालयाची सारी सुरक्षाव्यवस्था एका सुनेच्या कानांवर अवलंबून होती.

त्यानंतर मला बोलावून घेतले आणि सांगितले, “लक्ष ठेवत जा.” बोलणारे चांगले होते, हेतूही चांगला होता. मात्र राउंडवर तोंडी बदललेली मात्रा नेमकी कोणत्या कागदावर, कोणी आणि किती वेळात चढवायची, जुना मसुदा उघडून त्यावरच नवे कार्ड करण्याची सवय सगळ्या विभागाला का लागली, आणि गेल्या महिन्यात अशा आणखी किती चुका खिडकीपाशी पकडल्या गेल्या, हे कोणी विचारले नाही. खरे तर कसे विचारायचे हे आमच्यापैकी कोणालाच शिकवलेले नव्हते. लक्ष तर मी आधीही ठेवतच होते.

यावर नेहमीचे उत्तर असते की चेकलिस्ट लावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शस्त्रक्रिया सुरक्षा यादीचे उदाहरण मला फार बोलके वाटते. एकोणीस बाबींची ही यादी आठ शहरांतील रुग्णालयांत वापरून पाहिली गेली, त्यात नवी दिल्लीही होते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आणि गुंतागुंत अकरावरून सात टक्क्यांवर आली. त्यानंतर कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने अशा यादीच्या वापराचे आकडे जाहीर करणे रुग्णालयांना सक्तीचे केले. तेथील १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये आला, तेव्हा मृत्यूंमध्ये म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. या निकालावर पुष्कळ वाद झाले आहेत. मी त्यातून घेते ते इतकेच की, यादी कागदावर आली तरी ती वापरणारी माणसे बदललेली असतातच असे नाही. ‘टाइम आउट’ म्हणजे चीर देण्याआधी सर्वांनी क्षणभर थांबून करायची खातरजमा; आमच्याकडेही त्या रकान्यात टाके घालून झाल्यावर टिकमार्क झालेली मी पाहिली आहे. रक्त टिपायचे मॉप (कापडी तुकडे) मोजून झाले का, असे विचारणाऱ्या सिस्टरकडे शल्यविशारद कसे पाहतात, यावर तो रकाना खरा की खोटा हे ठरते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण अमेरिकेतील मिशिगन राज्याचे आहे. तेथील शंभरावर अतिदक्षता विभागांमध्ये मोठ्या शिरेतील नळीवाटे होणारा रक्तसंसर्ग कमी करण्याचे काम डॉ. पीटर प्रोनोवोस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले, त्याचा अहवाल २००६ मध्ये आला. संसर्गाच्या प्रमाणात ६६ टक्क्यांपर्यंत घट झाली होती. पायऱ्या साध्या होत्या: हात धुणे, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा स्वच्छ करणे, अंगभर निर्जंतुक आवरण, जांघेतील शीर शक्यतो टाळणे, नको असलेली नळी त्वरित काढणे. पण त्यांच्याबरोबर दोन गोष्टी आल्या. पायरी चुकली आणि प्रसंग तातडीचा नसला, तर डॉक्टरांना तिथेच थांबवले जाई. आणि प्रत्येक विभागाला आपल्या संसर्गाचा आकडा नियमितपणे पाहावा लागे. आकडा वाचणे आणि थांबवणे, दोन्ही शिकण्याची कौशल्ये आहेत, उपजत नव्हेत.

म्हणून माझी सूचना अशी की, नोकरीत असलेल्या फिजिशियन असिस्टंटसाठी वर्षभराचा, नोकरी न सोडता करता येईल असा पदव्युत्तर अभ्यासक्रम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने आखावा. त्यात व्याख्याने कमी असावीत. प्रत्येकाने आपल्याच वॉर्डातला एक प्रश्न घ्यावा. उदाहरणार्थ, झडप बदललेल्या रुग्णांपैकी पहिल्या आठवड्यात किती जण पीटी-आयएनआर तपासून आले. मग तो आकडा आठवड्यागणिक मांडावा, नुसता योगायोगाचा चढउतार आणि खरा बदल यांतला फरक ओळखायला शिकावे, एक सुधारणा करून पाहावी आणि ती फसली तर तेही लिहावे. चुकीची चौकशी दोषी न शोधता कशी करायची, ड्यूटी बदलताना रुग्ण कसा ‘सोपवायचा’, पोटॅशियम क्लोराइडच्या तीव्र द्रावणाची, चुकून थेट टोचली तर जीवघेणी ठरणारी अँप्यूल डिस्टिल्ड वॉटरच्या शेजारी का ठेवायची नाही, आणि आपल्यापेक्षा मोठ्या माणसाला “सर, एक मिनिट” हे कोणत्या शब्दांत म्हणायचे, हे शिकवावे. या शेवटच्या गोष्टीला मी सर्वांत जास्त गुण ठेवीन.

एक शंका येथे रास्त आहे. अशा पदव्यांच्या जोरावर रुग्णालये डॉक्टरांच्या जागी आम्हालाच बसवतील का? ब्रिटनमध्ये हा वाद टोकाला गेला. जुलै २०२५ मध्ये प्रा. जिलियन लेंग यांच्या अहवालाने तेथील ‘फिजिशियन असोसिएट’चे नाव पुन्हा ‘असिस्टंट’ करण्याची आणि निदान न झालेला रुग्ण त्यांनी, ठरावीक चौकट सोडून, तपासू नये अशी शिफारस केली. आपल्या कायद्याने नेमके ‘असोसिएट’ हेच नाव घेतले आहे, हा योगायोग गमतीचा असला तरी दुर्लक्ष करण्याजोगा नाही. मी सुचवत असलेल्या शिक्षणाने आमचे अधिकारक्षेत्र तसूभरही वाढू नये, असे मला वाटते. उलट, मी कोण आहे आणि काय करू शकत नाही, हे रुग्णाला पहिल्याच वाक्यात सांगणे हा त्या अभ्यासक्रमाचा पहिला धडा असावा.

खर्चाबद्दल फार लिहीत नाही. रुग्णालयाच्या गुणवत्ता-मानांकनाच्या पाहणीआधीच्या पंधरवड्यात फायली नीटनेटक्या करण्यावर रुग्णालये जेवढे मनुष्यबळ लावतात, त्यातला थोडा भाग वर्षभर पसरला तरी पुरेल.

केंद्राचा राष्ट्रीय रुग्णसुरक्षा अंमलबजावणी आराखडा २०१८ ते २०२५ या काळासाठी होता. ती मुदत सरली आहे. पुढचा आराखडा करताना राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने आपली भूमिका मांडावी, आणि ती मांडताना डॉक्टर व परिचारिकांबरोबर डिस्चार्ज कार्डे लिहिणाऱ्या आम्हा लोकांनाही एकदा बोलावून विचारावे, ही विनंती आपल्या दैनिकामार्फत करते.

आपली,
एक फिजिशियन असिस्टंट, पुणे
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)