मुलांच्या हाती द्यायला साहित्य हवे आहे : पालक-शिक्षक समितीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या शाळेतल्या स्पीच थेरपीच्या खोलीत आणि पहिली ते चौथीच्या वर्गांत मुलांना हाताळायला द्यावे असे साहित्य फार थोडे उरले आहे. चित्रकार्डांचे कोपरे झिजलेत, हातबाहुलीची शिवण उसवली आहे, आणि आरसा एवढासा आहे की त्यात एकच चेहरा मावतो.

आरशाचे आधी सांगतो. ‘ल’ म्हणताना जिभेचे टोक वर, दातांच्या मागे टेकते, हे मुलाला सांगून कळत नाही. थेरपिस्टची जीभ आणि स्वतःची जीभ शेजारी-शेजारी दिसली की लगेच कळते. म्हणून दोघांना बसून पाहता येईल असा मोठा, न फुटणारा ॲक्रिलिकचा आरसा हवा आहे.

त्याहून मोठी गरज चित्रकार्डांची. एखादे मूल बोटाला ‘पोट’ म्हणते. त्याला पुन्हापुन्हा ‘नीट म्हण’ म्हटले की ते बोलायचेच टाळू लागते. त्याऐवजी टेबलावर पोटाचे आणि बोटाचे चित्र ठेवायचे आणि मूल म्हणेल ते कार्ड समोरच्याने उचलायचे. मुलाला हवे असते बोट, उचलले जाते पोट, आणि काय झाले ते त्याचे त्यालाच उमगते. मग गळ्यावर हात ठेवून पाहायचे : ‘ब’साठी ओठ मिटलेले असतानाच थरथर जाणवते, ‘प’ला ती ओठ उघडल्यावर सुरू होते. ‘क’च्या जागी ‘त’ म्हणणाऱ्या मुलासाठी कार आणि तार, ‘र’ला ‘ल’ म्हणणाऱ्यासाठी रस आणि लस. इंग्रजीसाठी बनवलेल्या तयार संचांत या जोड्या सापडत नाहीत, त्या मराठीतच कराव्या लागतात. तेव्हा ज्यांना चित्र काढता येते त्यांनी आम्हाला चित्रे द्यावीत; पैशांपेक्षा त्यांचा उपयोग जास्त होईल. चार हलकी पिसेही द्या. तोंडासमोर पीस धरून ‘थ’ म्हटले की ते हलते, ‘त’ला जवळजवळ हलत नाही. मुले हा खेळ सोडायला तयार होत नाहीत.

साबणाच्या फुग्यांबद्दल एक गैरसमज आहे. नुसते फुंकल्याने उच्चार सुधारतात असे अनेकांना वाटते, पण त्याला भक्कम पुरावा नाही. आम्हाला फुगे हवेत ते वेगळ्या कारणासाठी. बाटलीचे झाकण घट्ट लावून थेरपिस्ट थांबतात, आणि मुलाला ‘उघड’, ‘अजून’, ‘मोठा’ असे काहीतरी म्हणावेच लागते. घट्ट झाकणाच्या पारदर्शक बरण्या आणि चावीची खेळणी याच कामाची.

वर्गांसाठी सोंगट्या किंवा मोठी बटणे द्या. शब्द ऐकायचा आणि त्यातल्या प्रत्येक आवाजासाठी एक सोंगटी चौकटीत सरकवायची, ही सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ दानिइल एल्कोनिन यांची पद्धत आमच्या शिक्षिका अक्षरांसाठी वापरतात : ‘कमळ’ला तीन सोंगट्या. 1907 साली रोममध्ये पहिले बालगृह उघडणाऱ्या मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीतली, बोट फिरवून ओळखायची पॉलिश पेपरची अक्षरेही करायची आहेत. पुठ्ठा आणि पॉलिश पेपर मिळाला की पुढचे आम्ही पाहू. एकक-दशकासाठी काड्या, मणी, ठोकळे, काहीही चालेल.

बटण सेलवर चालणारी आणि सुट्या चुंबकांची खेळणी कृपया देऊ नका. त्यांतला सेल किंवा चुंबक गिळला गेला तर जिवावर बेतते. खोलीत धाकटी भावंडेही येतात, म्हणून तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती पडू शकणारी वस्तू 3.17 सेंटीमीटर व्यासाच्या नळीत मावेल इतकी लहान नसावी. सोंगट्या-मणी आम्ही कुलपात ठेवतो. बटण दाबले की स्वतःच बोलणारी खेळणीही नकोत. खेळणे बोलते आणि मूल ऐकत राहते. वापरलेल्या वस्तू धुता येण्याजोग्या असतील तर आनंदाने घेऊ. स्ट्रॉ आणि शिट्ट्या मात्र नव्याच हव्यात. हातबाहुल्या कापडी असाव्यात, तोंड उघडता-मिटता येईल अशा.

वस्तू देणे जमत नसेल तर वेळ द्या. कार्डे कापायला, लॅमिनेट करायला, बाहुलीची शिवण घालायला हात कमी पडतात. रोख देणगी दिल्यास पावती मिळेल.

साहित्य शाळेच्या वेळेत कार्यालयात आणून द्यावे. संचातले काही तुकडे हरवले असतील तरी चालेल, फक्त तसे चिठ्ठीवर लिहा. आरसा देणार असाल तर आधी कळवा, म्हणजे दोघांकडून दोन येणार नाहीत.

आपली,
पालक-शिक्षक समिती