बाल संरक्षण समितीची वही कोण वाचतं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बाल संरक्षणाच्या आढावा बैठकीची बातमी कालच्या अंकात वाचली. गावोगाव समित्या स्थापन झाल्या आहेत, त्यांच्या बैठका नियमित होतात, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं आणि तुम्ही ते तसंच छापलं. रात्रभर ते डोक्यातून जाईना, म्हणून सकाळचं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. मी 27 वर्षं अंगणवाडी सेविका होते. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. गावच्या समितीचा अध्यक्ष सरपंच असतो आणि सचिव अंगणवाडी सेविका. म्हणजे आमच्या गावच्या समितीच्या बैठकांची वही माझ्याच हातात होती.

आधी एक दुरुस्ती. बातमीत दोन वेगवेगळ्या समित्या एकच समजून लिहिल्या आहेत. गावात असते ती ग्राम बाल संरक्षण समिती. जिल्ह्याला असते ती बाल कल्याण समिती. तिच्यात अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, तिला न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात आणि मुलाच्या बाबतीतला आदेश तीच काढते. पहिली बसली नाही तर वही कोरी राहते. दुसरी बसली नाही तर लेकराचं काय होतं ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आमचा तालुका ऊसतोडीचा. 2022 ची गोष्ट. दोन भाऊ होते, थोरला आठवीत, धाकटा तिसरीत. बाप वारला, आईने दुसरं घर केलं, पोरं आजीजवळ राहिली. आईबाप सांभाळू शकत नाहीत अशा मुलांसाठी सरकारची बालसंगोपन योजना आहे. तिच्यात तेव्हा एका मुलाला महिन्याला 1,100 रुपये मिळायचे, पुढच्या वर्षी ते 2,250 झाले. मी म्हातारीला म्हटलं, अर्ज करू. बापाच्या मृत्यूचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला, पासबुक, सगळं गोळा केलं. घरासमोर उभं राहून आजीचा आणि पोरांचा फोटोही लागतो. तो मी माझ्या मोबाइलवर काढला. धाकट्याच्या शर्टाला वरची दोन बटणं नव्हती, म्हणून आजीने त्याच्या गळ्याशी पदर धरला होता. फोटोत तिचा हात दिसतो.

जिल्ह्याच्या गावाला जायला आम्हाला दोन एसट्या बदलाव्या लागतात. पोरांना बाल कल्याण समितीसमोर न्यायचं म्हणजे त्यांची शाळाही बुडते. पहिल्यांदा गेलो तर उत्तर मिळालं, "आज समिती बसत नाही." दुसऱ्यांदा गेलो तेव्हा दोन सदस्य आले होते. अंतिम आदेशाला किमान तीन सदस्य हजर लागतात. म्हातारी दुपारी चारपर्यंत व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. "बाई, अजून एक येतोय का बघा," असं ती मला दर थोड्या वेळाने म्हणायची. तिसरा सदस्य आला नाही. तिसऱ्या खेपेला फाइलमधला फोटो सापडेना. आदेश निघाला तो दिवाळी झाल्यावर.

तोवर थोरला घरी नव्हता. दसरा झाला, मुकादमाची गाडी लागली आणि तो चुलत्याबरोबर तोडीला गेला. चुलत्याने त्याच्या नावावर मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसेही घेतले होते. तोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा मजूर म्हणजे अर्धा. तेरा वर्षांच्या पोराचा अर्धा कोयता. आदेश हातात आला तेव्हा शाळेच्या हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा होत्या.

आता वहीचं सांगते. ते पोर गेलं त्या महिन्यात आमची ग्राम समिती बसलीच नव्हती. सरपंच तालुक्याला होते, पोलीस पाटलांच्या घरी लग्न होतं. पुढे मार्चमध्ये कार्यालयातून फोन आला, वही पूर्ण करून ठेवा. मी एका दुपारी चार बैठकांचं इतिवृत्त लिहिलं. दोन निळ्या पेनाने, दोन काळ्या. सह्या घरोघर फिरून आणल्या. त्यातल्या त्या महिन्याच्या बैठकीचा विषय आहे 'बालमजुरी प्रतिबंधाबाबत चर्चा'. अक्षर माझं आहे. ज्या महिन्यात गावातलं पोर कोयता घेऊन गेलं, त्या महिन्यात गावाने बालमजुरीवर चर्चा केली, असं मी लिहून ठेवलं. तपासायला आलेल्या मॅडमनी पानं मोजली, शिक्का मारला, चहा घेतला. हे पोर कुठं आहे, असं कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. कुणी विचारलं नाही.

माझी चूक मी कबूल करते. पण काल तुमच्या बातमीत ज्या बैठका मोजल्या गेल्या त्यांतल्या किती अशाच दुपारी लिहिलेल्या आहेत, ते कोण पाहणार? बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाले ती घटना ऑगस्ट 2024 मधली. तिच्यानंतर आमच्या शाळेत मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समितीचा फलक लागला. त्या समितीचा शासन निर्णय मार्च 2022 चा होता.

जिल्ह्याच्या समितीबद्दल कायदा स्पष्ट आहे. बाल न्याय कायदा 2015 चा. समितीने महिन्यातून किमान 20 दिवस बसायचं. जिल्हाधिकाऱ्यांनी दर तीन महिन्यांनी तिच्या कामाचा आढावा घ्यायचा. बालगृहांची तपासणी दर तीन महिन्यांतून एकदा तरी व्हायची. आणि समितीविषयी तक्रार असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. हे मला त्या दिवशी व्हरांड्यात माहीत नव्हतं, म्हणून म्हातारीला घेऊन मी मुकाट्याने एसटी स्टँडवर परतले. माहीत असतं तर तिथूनच उठून कलेक्टर कचेरीत गेले असते.

आणखी एक, राहवत नाही म्हणून. मार्च 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि प्रशासक बसले. त्याबरोबर जिल्हा परिषदेची महिला व बालकल्याण समितीही गेली. सभापती असताना निदान कुणाच्या तरी दारात जाऊन भांडता यायचं. जिल्हा परिषदेने स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. आमच्याकडे शिलाई मशीन आणि पिठाच्या गिरणीपलीकडे तो पैसा गेलेला मी पाहिला नाही. आजीचं तीन खेपांचं भाडं, पोरांना बाहेर एक वेळचं जेवण, एवढं त्यातून निघालं असतं तर किती म्हाताऱ्या अर्ज अर्ध्यावर सोडणार नाहीत!

संपादक महोदय, तुमच्याकडे एक मागणं आहे. पुढच्या आढाव्याची बातमी येईल तेव्हा तिच्याशेजारी एवढं छापा, आपल्या जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीत आज किती सदस्य आहेत, किती जागा रिकाम्या आहेत, गेल्या महिन्यात ती किती दिवस बसली आणि किती लेकरांचे आदेश अडकलेत. तुमचा वार्ताहर विचारेल तेव्हा ही माहिती द्यावी लागेल. आम्ही विचारलं तर शिपाईही वर बघत नाही.

थोरला आता सतरा वर्षांचा आहे आणि कारखान्यावरच आहे. धाकटा सातवीत आहे. यंदाच्या नूतनीकरणाचे कागद म्हातारीने पिशवीत घालून ठेवलेत. मी निवृत्त असले तरी पुढच्या आठवड्यात तिच्याबरोबर जाणार आहे.

आपली,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका