नऊ गोल्डफिश आणि दोन फुटाची टाकी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वास्तूच्या सदरात फिश टँकबद्दल आलेलं वाचलं. ईशान्य कोपरा, आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ गोल्डफिश, आणि शेवटी ते नेहमीचं, की एखादा मासा मेला तर वाईट वाटून घेऊ नका, घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं, दुसरा आणून नऊचा आकडा पूर्ण करा. वास्तू मानायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, त्यात मला पडायचं नाही. पण या शेवटच्या वाक्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण आमच्या सोसायटीत आणि नातेवाइकांत कोणाच्या टँकमधे मासे मेले की मला फोन येतो, आणि बहुतेक वेळा समोरचा माणूस आधी हेच म्हणतो की कारण काहीच नव्हतं हो, काल रात्री मस्त फिरत होते, सकाळी बघतो तर दोन उलटे. आणि मग दुकानातून दोन नवीन येतात, ते मरतात, परत दोन येतात. संकट गेलं असं एकदा मनात बसलं की कोणी पाण्याकडे बघतच नाही.

तर कारण असतं. आधी नऊचा हिशोब बघा.

साधारण घरात टीव्हीच्या बाजूला बसते ती टाकी दोन फूट बाय एक फूट बाय एक फूट, म्हणजे काठोकाठ भरली तरी ५६ लिटर, आणि खाली रंगीत खडी, वर दोन बोटं जागा सोडली की हातात उरतात ४५ लिटरच्या आसपास. गोल्डफिश दुकानात दीड-दोन इंचाचा मिळतो म्हणून नऊ सहज मावतात असं वाटतं. पण तो पिल्लू आहे. ओरांडा, ब्लॅक मूर असले गोल पोटाचे गोल्डफिश नीट वाढले तर सहा ते आठ इंच होतात आणि साधा लांबट अंगाचा त्याहून मोठा. अनुभवी लोक पहिल्या गोल्डफिशला ७५ लिटर आणि पुढच्या प्रत्येकाला ४० लिटर धरतात. नऊ माशांना किती झाले? जवळपास ४०० लिटर. म्हणजे पाच फूट लांब, दोन फूट उंच, दीड फूट रुंद टाकी, नुसत्या पाण्याचंच वजन चारशे किलो, वर काच, खडी, स्टँड वेगळं. हे सदरात कुठेच नव्हतं.

आणि कृपया ते "मासा टाकीच्या मापाने वाढतो" हे दुकानदाराचं वाक्य कोणी खरं मानू नका. वाढ खुंटते ती पाणी खराब असतं म्हणून, मासा खुरटतो, पाठ वाकडी होते आणि लवकर मरतो. नीट ठेवलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं आरामात जगतो. इंग्लंडमधे १९५६ साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश १९९९ पर्यंत जगला, ४३ वर्षं, गिनीज बुकात नोंद आहे त्याची. आपल्याकडे तोच मासा तीन महिने टिकला तर लोक म्हणतात बराच टिकला, याचं मला फार वाईट वाटतं.

आता मासे मरतात कसे ते. मासा जे खातो त्यातलं नायट्रोजन तो मुख्यतः कल्ल्यांमधून अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून अजून अमोनिया होतो. अमोनिया दिसत नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ असलं तरी त्यात मासा मारण्याइतका अमोनिया असू शकतो. नदी-तळ्यात तो पसरून जातो, टाकीत कुठे जाणार? फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर एक प्रकारचे बॅक्टेरिया वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे बॅक्टेरिया नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं, रक्त चॉकलेटी पडतं आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. नायट्रेट त्या मानाने बरंच निरुपद्रवी, ते पाणी बदलून कमी करता येतं. ही सगळी बॅक्टेरियाची फौज तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आणि आपल्याकडे टँक, पंप, खडी, मासे सगळं एकाच दिवशी एकाच दुकानातून घरी येतं, त्यामुळे पहिल्या पंधरा दिवसांत जे मासे मरतात त्यात गूढ काहीच नसतं.

म्हणून नवीन टाकी सुरू करताना ओळखीच्या कोणाच्या चालू टाकीतला जुना मळका स्पंज मागून आणा आणि आपल्या फिल्टरमधे टाका, विरजणासारखं काम करतो तो, मात्र ती टाकी रोगराई नसलेली पाहिजे. मग एक-दोन छोटे मासे, मग थांबा, अमोनिया आणि नायट्राइटचं टेस्ट किट ऑनलाइन मिळतं त्याने बघा, दोन्ही शून्य येत असतील तरच पुढचे मासे आणा. जो माणूस माशांवर आणि दगडी किल्ल्याच्या शोपीसवर हजारो रुपये घालतो त्याने किटवर पैसे वाचवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

दर इंच माशाला चार लिटर हा नियम सगळीकडे सांगतात. गप्पी, टेट्रा असल्या बारक्या माशांना अंदाज म्हणून ठीक आहे पण मोठ्या माशाला तो लावू नका. लांबी तिप्पट झाली की वजन तिप्पट नाही, साधारण २७ पट होतं, आणि घाण वजनाच्या हिशोबाने होते. शिवाय ऑक्सिजन पाण्यात वरच्या पृष्ठभागातून विरघळतो म्हणून उंच निमुळत्या टाकीपेक्षा पसरट टाकी कधीही चांगली, आणि गोल बाऊल तर कोणी कोणाला वाढदिवसाला भेट देऊच नये. २० अंशाच्या पाण्यात लिटरमागे ९ मिलिग्रॅम मावणारा ऑक्सिजन उन्हाळ्यात ३० अंशाला साडेसात मिलिग्रॅमवर येतो. गच्च भरलेल्या टाकीत पहाटेपर्यंत तो आणखी कमी होतो, कारण रात्री पाणवनस्पतीही ऑक्सिजनच वापरतात. काल रात्री मस्त होते आणि सकाळी उलटे, याच्यामागे पुष्कळदा हे असतं.

आता त्या "अचानक सगळेच गेले" वाल्या केसेस. मला फोन आला की मी पहिला प्रश्न विचारते, टाकी कधी धुतली? निम्म्याहून जास्त वेळा उत्तर येतं, कालच, रविवार होता ना. मासे बादलीत, खडी साबणाच्या नाही तर नुसत्या नळाच्या पाण्याने खळखळून धुतली, स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळला, सगळं पाणी नवीन. म्हणजे कष्टाने वाढलेले बॅक्टेरिया क्लोरीनने मारले आणि मासे परत पहिल्या दिवसाच्या टाकीत. त्यात महिनोन्‌महिने पाणी बदललेलं नसेल तर अजून वाईट, कारण जुनं पाणी हळूहळू आम्ल होत जातं, आम्लात अमोनिया फारसा त्रास देत नाही, पण त्यात एकदम पीएच (आम्लपणाचं माप, आकडा वाढला की आम्लपणा कमी) जास्त असलेलं ताजं पाणी ओतलं की तोच साठलेला अमोनिया विषारी रूपात येतो, पीएच सातवरून आठवर गेला तर त्या रूपाचं प्रमाण जवळपास दहापट होतं. म्हणून दर आठवड्याला फक्त पाव पाणी बदला, पाइपने तळाची घाण ओढून काढा, स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात हलकासा पिळा, बास. नळाचं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवा किंवा दुकानात मिळणारं अँटिक्लोर म्हणजे सोडियम थायोसल्फेट टाका. पावसाळ्यात नळ उघडल्यावर क्लोरीनचा उग्र वास येतो त्या दिवसांत तर नक्कीच टाका.

दुसरा प्रश्न, घरात काही फवारलं का? झुरळांचा स्प्रे, पेस्ट कंट्रोल, डासांची कॉइल. यातल्या बऱ्याच औषधांत पायरेथ्रॉइड जातीचं कीटकनाशक असतं, माणसाला त्या मात्रेत फारसं काही होत नाही पण माशांना ते अतिशय विषारी, आणि हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून सरळ पाण्यात सोडतो. फवारणी करायची असेल तर टाकी झाका, पंप बंद करून बाहेर काढा, खोलीत हवा खेळली की परत लावा. दिवाळीआधी घराला रंग देता तेव्हाही हेच. आणि पाणी तांब्याच्या कळशीतून ओतू नका, पाणी गढूळ दिसलं म्हणून तुरटी फिरवू नका.

तिसरा प्रश्न लाइट गेली होती का. फिल्टर बराच वेळ बंद राहिला की आतले बॅक्टेरिया ऑक्सिजनवाचून मरतात आणि लाइट आल्यावर ते सडकं पाणी टाकीत येतं. लांबच लांब लोडशेडिंग असलेल्या गावांत बॅटरीवरचा छोटा एअर पंप घेऊन ठेवावा, फार महाग नसतो.

ज्यांना छोटीच टाकी परवडते, जागा तेवढीच आहे, त्यांनी गोल्डफिशचा हट्ट सोडावा असं मला मनापासून वाटतं. दोन फुटात सात-आठ गप्पी छान राहतात, पण फक्त नर घ्या. मादी साधारण महिन्याला पिल्लं देते, आणि नर नसला तरी आधीच्या साठवलेल्या बीजावर कित्येक महिने देत राहते, सहा महिन्यांत टाकी परत गच्च. किंवा एकच फायटर (बेट्टा) मासा, त्याच्या जोडीला गोगलगाय आणि भरपूर वनस्पती. "बेबी शार्क" म्हणून विकतात तो पंगास जातीचा मासा, तो मीटरभर वाढतो, टाकी साफ करतो म्हणून गळ्यात मारतात तो सकर दीड फुटापर्यंत जातो आणि साफ करण्यापेक्षा घाणच जास्त करतो, हे दोन घेऊच नका.

संपादकांना माझी विनंती एवढीच की यापुढे असल्या सदरात माशांचा आकडा छापलात तर शेजारी लिटरही छापा, आणि मेलेल्या माशाच्या जागी लगेच दुसरा आणायला सांगू नका, आधी पाणी तपासायला सांगा.

ज्यांच्या घरी आज नऊ आहेत त्यांनी घाबरून एकदम सगळं उपसू नये. खाणं आजपासून निम्मं करा, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आठवड्यात एक दिवस उपास घडला तरी काही बिघडत नाही. एक दिवसाआड पाव पाणी बदला, एक जास्तीचा स्पंज फिल्टर लावा, आणि मोठी टाकी असलेल्या कोणाला किंवा दुकानदाराला मासे परत देऊन संख्या टाकीच्या लिटरला झेपेल एवढी खाली आणा. पण तलावात, नदीत किंवा विहिरीत सोडून पुण्य मिळवायला जाऊ नका. असेच सोडलेले सकर आता उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात येतायत, त्यांचे काटे जाळी फाडतात आणि त्या माशाला बाजारात भाव नाही.

पत्र लांबलं आहे याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं तर टिशची गोष्ट कापा, स्पंज धुण्याचा आणि फवारणीचा भाग मात्र राहू द्या.

आपली नियमित वाचक,
ठाणे