दहापैकी तीन : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

माननीय मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, विषय राज्यशास्त्र. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कॉलेज आहे, रोज एसटीने जाऊन-येऊन करते. दुसऱ्या वर्षी आम्हाला ‘तुलनात्मक शासन आणि राजकारण’ हा पेपर होता. त्यात दहा गुणांच्या एका प्रश्नाला मला तीन गुण मिळाले. तीन गुण मिळाले म्हणून थेट मंत्र्यांना पत्र लिहितेय, याचं तुम्हाला हसू येईल. येऊ द्या, पण पुढचं वाचा.

प्रश्न होता, ‘संसदीय व अध्यक्षीय शासनपद्धतींची तुलना करा.’ आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे. मधोमध उभी रेघ मारायची, डावीकडे इंग्लंड, उजवीकडे अमेरिका, आणि प्रत्येकी आठ मुद्दे. मीही ते लिहिलं. पण वेळ उरला होता, पुरवणीही घेतलेली होती, म्हणून पुढे आमच्या गावाचं लिहिलं.

आमच्या ग्रामपंचायतीची निवडणूक डिसेंबर २०२२मध्ये झाली. सरपंच थेट गावाच्या मतांवर निवडून आला. माझी काकू सदस्य आहे. सदस्य नऊ, त्यातले सहा काकूच्या पॅनेलचे, आणि सरपंच समोरच्या पॅनेलचा. मासिक सभेत सरपंचाने विषय मांडायचा आणि या सहा जणांनी हात वर करायचा नाही, असं चार महिने चाललं. पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा ठराव त्यात अडकला आणि उन्हाळ्यात गावात टँकर आला. मामाचं गाव तिथून सात किलोमीटरवर. तिथली निवडणूक जानेवारी २०२१ची. तेव्हा थेट सरपंचाची पद्धत रद्द झालेली होती, त्यामुळे सदस्यांनीच आपल्यातला एक सरपंच केला. पुढे सदस्य फुटले, अविश्वास ठराव आला, सरपंच गेला. तिथलं भांडण पंधरा दिवसांत मिटायचं, काम अडायचं नाही. पण माझा पेपर होईपर्यंत त्या गावाने तीन सरपंच पाहिले होते.

दोन्ही गावांत पीक तेच, जाती त्याच, तालुका एक, जिल्हा परिषद एक. फरक एवढाच, की एकीकडे सरपंच लोकांनी निवडला आणि दुसरीकडे सदस्यांनी. आपल्याच राज्याने २०१७ साली थेट सरपंच आणला, २०२० साली काढला आणि २०२२ साली परत आणला. कोणी आणला, कोणी काढला, ते सोडून देऊ. पण त्या आणण्या-काढण्यातून शेजारच्या दोन गावांत एकाच वेळी दोन पद्धती चालू राहिल्या. तुलना शिकायला यापेक्षा चांगली प्रयोगशाळा कुठे असेल, असं मला वाटलं. मी लिहिलं, की आमच्या गावची गत अमेरिकेसारखी आहे. तिथे २०१८-१९मध्ये सीमेवरच्या भिंतीच्या पैशांवरून राष्ट्राध्यक्ष आणि काँग्रेस (म्हणजे तिथली संसद) अडून बसले आणि सरकारची बरीच खाती ३५ दिवस बंद राहिली. (नंतर २०२५ साली हाच आकडा ४३ दिवसांवर गेला, पण तोवर माझा पेपर होऊन गेला होता.) दोघेही लोकांनी निवडलेले, मग माघार कोणी घ्यायची? मामाचं गाव इंग्लंडसारखं. बहुमत गेलं की खुर्ची गेली.

निकालानंतर पैसे भरून उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवली. उभ्या रेघेच्या तक्त्यावर बरोबरच्या खुणा होत्या. गावाच्या दीड पानावर वरून खालपर्यंत तांबडी रेघ, आणि समासात एकच शब्द : ‘विषयांतर’.

तपासणाऱ्या सरांवर किंवा मॅडमवर माझा राग नाही. त्यांच्यासमोर गठ्ठा असतो आणि शेजारी नमुना उत्तर. नमुना उत्तरात आमचं गाव कुठून असणार? माझं म्हणणं वेगळंच आहे. ज्या पेपरच्या नावातच ‘तुलनात्मक’ आहे, त्या पेपरात आम्हाला तुलना सोडून बाकी सगळं करायला लावतात. इंग्लंड पाठ करा, अमेरिका पाठ करा, स्वित्झर्लंड आणि चीन पाठ करा. चार देश चार डब्यांत ठेवायचे, एका डब्यातलं दुसऱ्यात सांडू द्यायचं नाही.

गंमत अशी, की तुलना करणाऱ्या सगळ्यात मोठ्या माणसाचं नाव आमच्या कॉलेजच्या फाटकावरच आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे मांडला. त्या भाषणात त्यांनी अमेरिकेची आणि इंग्लंडची पद्धत शेजारी-शेजारी ठेवून दाखवली. सरकार स्थिर हवं आणि जबाबदारही हवं, पण दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. अमेरिकेच्या पद्धतीत स्थैर्य जास्त, इंग्लंडच्या पद्धतीत जबाबदारीचा हिशेब रोजचा. आणि मसुद्याने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला झुकतं माप दिलं आहे, असा त्याचा आशय. हे भाषण राज्य शासनानेच छापलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयात आहे. आमच्या ग्रंथालयात तो खंड कुलूपबंद कपाटात आहे आणि अभ्यासक्रमाच्या संदर्भयादीत नाही. मी तो परीक्षेनंतर वाचला. वाचताना सारखी टाकी आठवत होती.

आता पुस्तकांचं. आमच्या वर्गात क्रमिक पुस्तक कुणाकडेच नव्हतं. होतं ते बसस्टँडसमोरच्या दुकानातलं गाईड, आणि ज्यांच्याकडे तेही नव्हतं त्यांच्याकडे गाईडचं झेरॉक्स. मुखपृष्ठावर ‘सुधारित आवृत्ती’. आत लिहिलंय, की इंग्लंडमध्ये हाउस ऑफ लॉर्ड्स हे सर्वोच्च अपील न्यायालय आहे. तिथे ऑक्टोबर २००९पासून वेगळं सर्वोच्च न्यायालय सुरू आहे. चीनच्या राष्ट्राध्यक्षाला सलग दोनच कार्यकाल मिळतात असं लिहिलंय. ती अट २०१८मध्ये काढून टाकली. हे खरं लिहिणाऱ्याचे गुण जातात आणि गाईडमधलं लिहिणाऱ्याला मिळतात, असं आमच्यात पक्कं ठरलेलं आहे. खरं-खोटं देव जाणे, पण धोका कोण पत्करणार?

इंग्रजी पुस्तक वाचावं म्हणाल, तर वर्गातल्या एकाने ते करून पाहिलं. ग्रंथालयातून जाडजूड पुस्तक काढलं, पानांचे फोटो घेतले आणि मोबाइलवर भाषांतर केलं. ‘खालच्या घराने वरच्या घराचे बिल फेटाळले’ इथपर्यंत आम्ही निभावून नेलं. पण एका अमेरिकन राष्ट्राध्यक्षाच्या जवळच्या सल्लागारांना तिथे गमतीने ‘किचन कॅबिनेट’ म्हणत, त्याचं मोबाइलने ‘स्वयंपाकघरातील कपाट’ केलं. राष्ट्राध्यक्ष महत्त्वाचे निर्णय स्वयंपाकघरातल्या कपाटाशी चर्चा करून घेत, हे वाक्य आमच्या ग्रुपवर महिनाभर फिरत होतं. हसून झाल्यावर त्या मुलाने पुस्तक परत केलं आणि गाईड आणलं.

उच्च शिक्षणाची पुस्तकं मराठीत काढायला नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ होतं. त्या काळची दोन पुस्तकं आमच्या ग्रंथालयात आहेत, पिवळी पडलेली, आणि त्यांत सोव्हिएत रशिया अजून शाबूत आहे. पण वाक्यं काय स्वच्छ आहेत! समजावून सांगणारा माणूस समोर बसल्यासारखी. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा कॉलेजात पेढे वाटले होते, मीही खाल्ला. त्याच सहामाहीत मी मराठीतून चुकीचं इंग्लंड पाठ करत होते.

सगळंच वाईट होतं असं मात्र नाही. तो पेपर शिकवायला सर होते ते तासिका तत्त्वावर. सकाळी आमच्याकडे दोन तास, मग मोटारसायकलवरून दुसऱ्या तालुक्यात. नोट्स भराभर सांगायचे, आम्ही लिहून घ्यायचो. पण स्वित्झर्लंडच्या वेळी एकदा ते थांबले. ‘सार्वमत म्हणजे लोकशाहीचा सर्वोच्च आविष्कार’ हे वाक्य सांगून झालं होतं. त्यांनी वही मिटली आणि विचारलं, “तुमच्यापैकी कुणाच्या आजीने किंवा पणजीने पहिल्या निवडणुकीत मत दिलं होतं?” चार-पाच हात वर झाले. सर म्हणाले, “ते १९५१-५२. स्वित्झर्लंडच्या बाईला देशाच्या निवडणुकीत मत कधी मिळालं? १९७१ला.”

वर्ग एकदम जागा झाला. जगातली सगळ्यात थेट लोकशाही आणि बाईला मत १९७१ला? सरांनी उलगडून सांगितलं. बाईला मत द्यायचं की नाही, हे तिथे सार्वमतानेच ठरायचं होतं आणि सार्वमतात मत फक्त पुरुषांना. १९५९ला विचारलं तेव्हा सुमारे दोन तृतीयांश पुरुषांनी ‘नाही’ म्हटलं. अपेन्झेल इनररोडन नावाच्या एका छोट्या कँटनमध्ये (म्हणजे तिथल्या घटकराज्यात) तर स्थानिक कारभारात बायकांना मत मिळायला १९९० साल उजाडलं, आणि तेही सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं म्हणून. त्या कँटनमध्ये आजही लोक वर्षातून एकदा मैदानात जमतात आणि हात वर करून कायदे ठरवतात. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “सर, म्हणजे आपली ग्रामसभाच की.” दुसरी म्हणाली, “आपल्या ग्रामसभेला बाया येतात कुठे? सह्या घरी येऊन घेतात.” तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना. सरांची एसटी नसल्यामुळे ते जमलं. मोटारसायकल थांबू शकते.

परीक्षेत यातलं काहीच आलं नाही. आलं ते ‘टिपा लिहा : बहुल कार्यकारी मंडळ’. म्हणजे स्वित्झर्लंडचं सरकार : सात सदस्य, दरवर्षी बदलणारा अध्यक्ष, पाच गुण. पुढच्या वर्षी ते सर आले नाहीत, त्यांचे तास दुसऱ्याला मिळाले.

शेजारचे देश तर आमच्या पेपरात नावालाही नव्हते. आमची ती सहामाही सुरू असतानाच, ५ ऑगस्ट २०२४ रोजी, बांगलादेशच्या पंतप्रधान शेख हसीना ढाका सोडून भारतात आल्या. पोरं मोबाइलवर ते बघत होती आणि फळ्यावर ‘ब्रिटिश राजपदाची वैशिष्ट्ये’ लिहिलेलं होतं. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये नेपाळमध्ये आमच्या वयाची मुलं रस्त्यावर आली आणि पंतप्रधानांना जावं लागलं. नेपाळने २००८ला राजा घालवला, २०१५ला नवीन राज्यघटना आणली, कनिष्ठ सभागृहाच्या २७५ जागांपैकी १६५ आपल्यासारख्या मतदारसंघांतून आणि ११० पक्षांना मिळालेल्या मतांच्या प्रमाणात भरायच्या असं ठरवलं. ब्रिटनने राजा ठेवला, नेपाळने का नाही ठेवला, हा प्रश्न विचारला असता तर ते ‘राजपद’ आम्हाला एका तासात कळलं असतं.

तुम्ही म्हणाल, अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिका हे विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाचं काम आहे, त्यात शासन पडत नाही. बरोबर आहे, आणि पडूही नये. मंत्रालयातून प्रश्न ठरायला लागले तर ते आणखी वाईट. पण प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरायची मंजुरी तुमच्याकडून येते. आमच्या विभागात फलकावर तीन पदं आहेत आणि खुर्चीवर एक माणूस. दर जूनमध्ये नव्याने नेमणूक होणाऱ्या माणसाने अभ्यासक्रम बदलायचा आग्रह कुठे धरायचा? मराठीत पाठ्यपुस्तकं काढायचा आणि ती दर दोन-तीन वर्षांनी दुरुस्त करायचा पैसाही तुमच्याच खात्याचा. नवीन शैक्षणिक धोरणात मेजर, मायनर, क्रेडिट असं बरंच काही आलं, पण आमच्या धाकट्या बहिणींच्या हातात गाईड तेच आहे, मी बघितलं. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आहे. तिथे उभी रेघ मारून भागणार नाही, आणि आमच्यातली निम्मी पोरं राज्यशास्त्र घेतात ती त्या परीक्षेसाठीच.

एक प्रश्न, पेपरात फक्त एकच, असा असावा, की ज्याचं उत्तर गाईडमध्ये असूच शकत नाही. ‘तुमच्या गावातल्या किंवा शहरातल्या एका संस्थेची तुम्ही शिकलेल्या एका देशाशी तुलना करा.’ यासाठी पैसा लागत नाही. तुम्ही कुलगुरूंच्या बैठका घेता, तिथे हे बोलू शकाल.

उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत सोबत जोडली आहे. तिसरा प्रश्न नवव्या पानावर सुरू होतो, तांबडी रेघ अकराव्या पानावर आहे.

आपली विश्वासू,
राज्यशास्त्राची एक विद्यार्थिनी

ता. क. : टाकी शेवटी दुरुस्त झाली. सरपंचाने उपसरपंचाच्या गल्लीतला सिमेंट रस्ता यादीत घेतला, मग सहाही हात वर झाले. अमेरिकेत याला काय म्हणतात, ते गाईडमध्ये सापडलं नाही.