संरक्षणमंत्र्यांस खुले पत्र : साहेब, रविवारी विमाने उडत नाहीत

मा. संरक्षणमंत्री, भारत सरकार यांस,
सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत लिहितो आहे. आधीची दोन हिंदीत लिहिली, त्यांची पोचसुद्धा आली नाही. या खेपेला निदान शेजारीपाजारी तरी वाचतील.

मी गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ चिखलीला राहतो; नौदलाची लढाऊ विमानेही तिथूनच उडतात. गोदीत ३१ वर्षे फिटर होतो, आता घरी. गेल्या मंगळवारी सकाळी लढाऊ विमान डोक्यावरून गेले आणि पुढच्या खोलीतली दोन कौले सुटली. एक जमिनीवर फुटले, दुसरे माझ्या खांद्यावर. चवथीला गणपतीच्या डोक्यावर फळापानांची माटोळी बांधतो, बरोबर त्या जागी. हाड मोडले नाही, पण उजवा हात वर जात नाही. साठी उलटलेल्या माणसाला ८४ वर्षांची आई शर्टात हात घालून देते. कौल विमानानेच पडले असे मी शपथेवर सांगणार नाही, वासा जुना आहे. पण तो रोज सकाळी थरथरतो, हे माझ्याच डोळ्यांनी पाहतो.

चवथीच्या आधी एका कार्यालयाने शब्द दिला होता : आवाज मोजू, भिंतींचे तडे बघू, लेखी कळवू. माणूस आला. मीटर काढला, अंगणात अर्धा तास उभा राहिला, चहा घेतला, गेला. रविवारी! सराव सोमवार ते शुक्रवार सकाळी असतो, प्रवासी विमानेसुद्धा तेवढा वेळ खोळंबतात, हे वास्कोतल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. त्या मीटरने आमचा कोंबडा मोजला. उत्तर आले, ‘आवाज मर्यादेत आहे.’ कोंबड्याला कळवले.

आता तुमच्या हिशेबाकडे वळतो. एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल घ्यायचा करार झाला, सुमारे ६३ हजार कोटींचा. म्हणजे नगामागे चोवीसशे कोटी. शस्त्रे, सुटे भाग, प्रशिक्षण सगळे त्यात आले, मान्य. अख्ख्या गोव्याचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प २८ हजार कोटींच्या घरात होता. आमचे मनोहरभाई पर्रीकर संरक्षणमंत्री असताना २०१६ साली ३६ राफेल ५९ हजार कोटींत ठरली होती. नग दहा कमी, बिल चार हजार कोटींनी जास्त! रुपया घसरला, नौदलाचे विमान वेगळे असते, हे सांगायला माणसे येतील. रविवारी पाठवू नका.

त्याआधी नौदलासाठी रशियाकडून आणलेली ४५ मिग-२९के लढाऊ विमाने काय करत होती? सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०१६ च्या अहवालात लिहिले आहे : उड्डाणाला तयार असण्याचे प्रमाण १६ ते ३८ टक्के. आमच्या गोदीत शंभरातल्या बासष्ट क्रेन बंद असत्या तर फोरमन दुसऱ्या दिवशी गेटबाहेर दिसला असता. २०१९ च्या नोव्हेंबरात वेर्ण्याजवळ एक मिग पडले, पक्षी धडकून. आतल्या दोघांनी ते वस्तीपासून दूर नेले आणि मग उड्या टाकल्या. त्यांना माझा दंडवत. २०२० मध्ये दोन समुद्रात गेली. दुसऱ्यातल्या वैमानिकाचा देह अकरा दिवसांनी समुद्राच्या तळाशी सापडला. २०२२ मध्ये आणखी एक. तो अकरा दिवसांचा शोध चालू असताना आई रोज विचारायची, ‘मेळ्ळो रे?’ विमानाचे ती एकदाही विचारत नव्हती.

म्हणून विचारतो, आत माणूस बसवलाच पाहिजे का? १ जून २०२५ ला युक्रेनने ट्रकवरच्या लाकडी खोपटांत ड्रोन लपवून रशियात पाठवले, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे ११७. हजारो किलोमीटर आत, सैबेरियातल्या तळावर उभी बॉम्बफेकी विमाने जळाली. दाबोळीच्या रस्त्याने दिवसाला किती ट्रक जातात, कोणी मोजलेत? बिनमाणसाचे म्हणजे स्वस्त असेही नाही म्हणा. अमेरिकेकडून घेतलेल्या ३१ ड्रोनचे बिल ३२ हजार कोटी आहे. आणि भर समुद्रात समोर दुसरे विमान आले तर अजून माणूसच लागतो, असे आमच्या वाड्यावरचे निवृत्त नौसैनिक सांगतात. असेल. पण २६ राफेल हातात पडता पडता २०३० उजाडेल, आणि पुढची तीस-चाळीस वर्षे ती पोसावी लागतील. तोवर लढाई कुठे पोचलेली असेल, याचा विचार केला असल्यास दोन ओळींत कळवा. गुप्त असेल तर निदान ‘विचार केला आहे’ एवढे तरी कळवा.

कळवणार कोण, हाही प्रश्नच. एक कार्यालय म्हणते, विषय केंद्राचा. केंद्राचे म्हणते, स्थानिक पातळीवर भेटा. स्थानिक साहेब मीटिंगमध्ये. माझी फाइल चार टेबले फिरून पुन्हा पहिल्यावर आली. राफेलची फाइलही वर्षानुवर्षे अशीच फिरली असणार. फरक इतकाच की तिच्या मागे कंपनी होती, माझ्या मागे कौले. निवडणुकीत दारात येणाऱ्यांना खांदा दाखवला तर म्हणतात, ‘काका, देशासाठी सोसायला हवे.’ सोसतोच आहे. १९६१ नंतर आमच्या दोन पिढ्यांनी त्या आवाजात पोरे निजवली. देशाने एकदा मीटर घेऊन नीट यावे, एवढेच मागतो.

मंगळवारी या, सकाळी दहाला. आई पडवीत बसलेली असते. तिच्याशी मोठ्याने बोलावे लागेल, ऐकू कमी येते.

आपला,
एक निवृत्त फिटर, चिखली