अग्निबाण एकट्याने उडेल, पण पुढे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकपत्रांत एका वाचकाने लिहिले होते की, जगाने वाळीत टाकलेला छोटा देशही जिद्दीच्या जोरावर अवकाशात पोहोचू शकतो आणि निर्बंध हे अशा देशाला वरदानच ठरतात. पत्र तळमळीने लिहिलेले होते. त्यातला पहिला भाग मला मान्य आहे. दुसरा अजिबात नाही आणि हे मत हल्ली पुण्यात शिकल्यासवरल्या माणसांकडूनही वरचेवर ऐकू येते, म्हणून हा पत्रप्रपंच.

छोटा देश उपग्रह सोडू शकतो, यात वाद नाही. इस्राएलने १९ सप्टेंबर १९८८ रोजी ‘शावित’ अग्निबाणाने ‘ओफेक-१’ कक्षेत नेला. तेव्हा त्या देशाची लोकसंख्या ५० लाखांच्याही आत होती. आज पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून त्याहून जास्त माणसे राहतात. उत्तर कोरियानेही बरीच अपयशे पचवून १२ डिसेंबर २०१२ रोजी उपग्रह कक्षेत पोहोचवला.

पण एकटेपणाची किंमत काय असते, तेही इस्राएलकडेच पाहावे. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावर हा वेग सेकंदाला सुमारे ४६५ मीटर असतो, म्हणून बहुतेक देश अग्निबाण पूर्वेकडे सोडतात आणि तेवढा वेग फुकट पदरात पाडून घेतात. इस्राएलच्या पूर्वेला मात्र त्याच्याशी वैर असलेले देश आहेत. अग्निबाणाचे सुटलेले टप्पे त्यांच्या भूमीवर पडून चालणार नाहीत, म्हणून ‘शावित’ भूमध्य समुद्रावरून पश्चिमेकडे, पृथ्वीच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेने सोडावा लागतो. तो वेग मिळत तर नाहीच, उलट तेवढा स्वतःच्या इंधनातून भरून काढावा लागतो. उपग्रह हलका करावा लागतो, त्यातली उपकरणे कमी करावी लागतात. शेजाऱ्यांशी असलेल्या वैराचा हिशेब तिथे प्रत्येक उड्डाणात किलोंमध्ये चुकता होतो.

शिवाय ज्यांना आपण एकटे समजतो, ते खरोखर एकटे होते का? ‘शावित’ ज्यावरून घडला, त्या इस्राएलच्या ‘जेरिको’ क्षेपणास्त्राची सुरुवात १९६०च्या दशकात फ्रान्सच्या दासो या विमाने बनवणाऱ्या कंपनीच्या हातून झाली. उत्तर कोरियाने मूळ सोव्हिएत ‘स्कड’ क्षेपणास्त्रे इजिप्तकडून मिळवली आणि त्यांवरून पुढची घडण केली. २०१२च्या उड्डाणानंतर दक्षिण कोरियाच्या नौदलाने समुद्रातून त्या अग्निबाणाचे अवशेष बाहेर काढले, तेव्हा त्यात परदेशी बनावटीचे सुटे भाग सापडले. इतके कडक निर्बंध असूनही तो अग्निबाण पूर्ण देशी नव्हता.

याचे कारण मला माझ्या कामामुळे थोडे जवळून कळते. माझी सगळी नोकरी भोसरी एमआयडीसीत वेल्डिंगच्या तपासणीत गेली. प्रेशर व्हेसलच्या (दाब सोसणाऱ्या टाकीच्या) जोडाची एक्स-रे फिल्म व्ह्यूअरवर लावली की कधी कधी कडेला केसाएवढी काळी रेघ दिसते. वरून जोड आरशासारखा असतो, पण आत धातू एकजीव झालेला नसतो. जॉब परत जातो, तेवढा भाग ग्राइंड करून पुन्हा वेल्ड करायचा, पुन्हा फिल्म काढायची. आमच्या कामात चूक झाली तर टाकी गळायची. इस्रोच्या पीएसएलव्ही अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्याचे कवच २.८ मीटर व्यासाचे, मॅरेजिंग स्टील या अतिमजबूत पोलादाचे असते आणि आत १३९ टन घन इंधन जळते. तिथे ती रेघ चालत नाही.

इंधनाचेही तसेच. अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची पूड आणि रबरासारखा बाइंडर एकत्र कालवून ते मिश्रण निर्वातात ओततात आणि मग उबेत सावकाश घट्ट होऊ देतात. आत एखादा बुडबुडा किंवा तडा राहिला तर जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो, दाब चढतो आणि कवच फुटते. म्हणून इथेही एक्स-रे. पुणेकरांना डॉ. वसंत गोवारीकर आठवतात ते मान्सूनच्या प्रारूपामुळे आणि विद्यापीठाच्या कुलगुरुपदामुळे. पण केरळातल्या थुंब्याच्या अवकाश केंद्रात घन इंधनाचे हे काम ज्यांनी उभे केले त्यांत ते अग्रभागी होते आणि १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ या भारतीय अग्निबाणाने रोहिणी उपग्रहाला कक्षेत नेले तेव्हा विक्रम साराभाई केंद्राचे संचालकही तेच होते. हे आपल्या शहरात आवर्जून सांगितले जात नाही, याचे मला खरेच वाईट वाटते.

या एका कवचामागे किती जण असतात पाहा. खास पोलाद हैदराबादच्या मिधानी या सरकारी कारखान्यात बनते. परक्लोरेटचा कारखाना केरळात आलुव्याला आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या वालचंदनगरच्या कारखान्याने इस्रोसाठी बूस्टरचे भाग घडवले आहेत. या सगळ्यांना वर्षातून एखादा नग बनवून भागत नाही. साखर कारखान्यांची, सिमेंटची, रिफायनरीची कामे असतात म्हणून तिथला वेल्डर आणि मशिनिस्ट टिकतो, त्याचा हात तयार राहतो. छोट्या, बंद देशात ही इतर कामे आणायची कुठून? एका अग्निबाणासाठी अख्खा उद्योग पोसायचा म्हटले तर लष्कराच्या पैशाशिवाय दुसरा मार्ग उरत नाही आणि मग बाकीचे सगळे त्या एका खर्चाखाली दबते.

दक्षिण आफ्रिकेचे नेमके हेच झाले. वर्णद्वेषी राजवटीत जगाने पाठ फिरवली असताना तिने इस्राएलच्या मदतीने आरएसए-३ हा उपग्रह सोडण्याचा अग्निबाण उभा केला आणि १९८९-९० मध्ये ओव्हरबर्ग या चाचणीतळावरून चाचण्याही घेतल्या. पण १९९३ मध्ये हे काम गुंडाळले गेले. त्या देशाचा पहिला उपग्रह ‘सनसॅट’ स्टेलेनबॉश विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी आणि प्राध्यापकांनी बनवला आणि तो २३ फेब्रुवारी १९९९ रोजी अमेरिकेच्या डेल्टा अग्निबाणावरून वर गेला. तोवर एकटेपण संपलेले होते.

‘निर्बंध वरदान’ म्हणणारे क्रायोजेनिक (अतिथंड द्रवरूप इंधनावर चालणाऱ्या) इंजिनाचा दाखला हमखास देतात. १९९३ मध्ये अमेरिकेच्या दबावामुळे रशियाने तंत्रज्ञान द्यायला नकार दिला, आपण ते स्वतः घडवले, हे खरे आहे आणि त्या शास्त्रज्ञांबद्दल मला अतोनात आदर आहे. पण हिशेब पुरता मांडावा. आपल्या क्रायोजेनिक टप्प्याचे पहिले उड्डाण १५ एप्रिल २०१० रोजी फसले, यश आले ते ५ जानेवारी २०१४ रोजी. मधली वीस वर्षे भारताचे जड दळणवळण उपग्रह फ्रेंच गयानातून एरियान अग्निबाणावर पैसे मोजून पाठवले जात होते. एक दार बंद झाले तेव्हा दुसरे उघडे होते, म्हणून आपले दूरदर्शन आणि टेलिफोन अडले नाहीत. ज्या देशाला सगळीच दारे बंद आहेत, त्याने ती वीस वर्षे काय करावे? थुंब्याहून २१ नोव्हेंबर १९६३ रोजी उडालेला आपला पहिला अग्निबाणही अमेरिकन ‘नाइके-अपाची’ होता. साराभाईंना त्यात कमीपणा वाटला नाही. घेता येईल ते घेतले आणि शिकता येईल तेवढे शिकले.

पुण्यातल्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी जेमतेम एक किलोचा ‘स्वयम्’ उपग्रह बनवला. २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्हीवरून तो वर गेला, तेव्हा त्याच अग्निबाणात अमेरिका, कॅनडा, जर्मनी आणि इंडोनेशियाचेही उपग्रह होते. नावात ‘स्वयम्’ असले तरी तो एकटा गेला नाही आणि त्याने त्या मुलांच्या कामाची उंची कणभरही कमी होत नाही.

आपल्या दैनिकाला एक विनंती आहे. वालचंदनगर, पाषाणची एचईएमआरएल (स्फोटके आणि अग्निबाणांच्या इंधनावर काम करणारी संरक्षण प्रयोगशाळा) आणि भोसरी-चाकणमधल्या ज्या छोट्या वर्कशॉपमधून असे सुटे भाग जातात, तिथल्या कामगारांवर एक लेखमाला द्यावी. तसेच शहरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना एकदा तरी रेडिओग्राफीच्या खोलीत नेऊन फिल्म वाचायला बसवावे. अशी भेट ठरवायला माझ्यासारखे निवृत्त लोक आनंदाने मदत करतील.

आपला नम्र,
एक निवृत्त वेल्डिंग निरीक्षक
चिंचवड, पुणे